लोंढेबाई आणि एक फ्लॉपी

लोंढेबाई साबणाची वडी घेतली की दुकानातच तिचं वेष्टण काढून दुकानदाराच्या हातात परत देत. "हे तुमचं तुमाला ठेवा, मी साबण घ्यायला आलेय." बारामतीतला तो दुकानदार एकदा मला म्हणाला होता, "डॉक्टर, तुमच्या हापिसातली ती बाई एक दिवस माझं दुकानबी सोलून ठिवंल." टूथपेस्टचं खोकं, चपलेबरोबरची पिशवी, सगळ्याचं तेच. लग्नपत्रिका आली की बाई ती उभ्या उभ्या वाचायच्या, तारीख नि ठिकाण लक्षात ठेवायच्या आणि देणाऱ्यालाच परत द्यायच्या. "दुसऱ्या कुणाला तरी द्या, उपयोगी पडंल." यावरून दोन-चार घरं कायमची रुसली. बाई मात्र लग्नाला बरोब्बर वेळेवर हजर असायच्या आणि पोटभर जेवायच्या.

मी तेव्हा बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत पशुवैद्य होतो. नव्वदीचं दशक निम्मं सरलेलं. कामगारांच्या मोटारसायकली सकाळी गेटातून आत आल्या की दुधाच्या टँकरचा वास आणि पेट्रोलचा वास एकत्र नाकात जायचा. तो वास आजही कुठं आला की मला डेअरीचं आवार दिसतं, कुंपणालगतचं बोरीचं झाड दिसतं आणि त्या झाडाखाली लूना उभी करणाऱ्या लोंढेबाई दिसतात.

त्यांचं नाव सुजाता. गाव कऱ्हाटी. वय तिशीच्या आसपास. पुण्यातल्या एका संस्थेत कॉम्प्युटरचं काम करून त्या आमच्याकडं एका वर्षाच्या बोलीवर आल्या होत्या. इतकी शिकलेली बाई पुणं सोडून बारामतीला येते, म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं आमच्या हापिसानं पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं. भानगड काही निघाली नाही, त्यामुळे हापिसाची जरा निराशाच झाली.

आल्या त्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला नाव विचारलं. गेटवरच्या म्हाताऱ्याला आम्ही सगळे 'वॉचमन' म्हणायचो. बाई दुसऱ्या दिवसापासून त्याला "रामचंद्रराव" म्हणू लागल्या. म्हातारा पहिल्यांदा मागं वळून बघायला लागला, की कुणाला हाक मारतायत. मला नाव विचारलं तेव्हा मी जरा तोऱ्यात म्हणालो, "डॉक्टर म्हणा, सगळे तेच म्हणतात." त्या हसल्या आणि मला डॉक्टरच म्हणू लागल्या.

नावाचं एवढं काय, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्या कीबोर्डवरून हात न काढता म्हणाल्या, "आमच्या आज्याला गावानं कधी पुऱ्या नावानं हाक मारली न्हाय. अर्धं नाव, तेबी तोडून. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आज्यानं सांगितलं, पुरं नाव घेतल्याबिगर मी वळून बघणार न्हाय. चार वर्षं गावात वळला न्हाय. मग गाव शिकलं." एवढं बोलून त्या पुन्हा कामाला लागल्या. गोष्टीलासुद्धा त्या वेष्टण ठेवत नसत.

त्यांचं काम असं होतं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर कॉम्प्युटर ठेवायचा. शेतकऱ्यानं जनावराला काय होतंय ते सांगायचं, केंद्राच्या सेक्रेटरीनं टाइप करायचं, आणि कॉम्प्युटरनं एकेक प्रश्न विचारत शेवटी सांगायचं की आजार काय दिसतो आणि डॉक्टर येईपर्यंत काय करावं, काय करू नये. यातलं डॉक्टरचं डोकं माझं. ते डोकं उकरून काढायचं काम बाईंचं.

"म्हस व्याली नि दुसऱ्या दिवशी बसली. तुमी पयलं काय बघता?"

"कान."

"का?"

"गार पडलेत का ते बघायला."

"गार का पडतात?"

"रक्तातलं कॅल्शियम उतरतं म्हणून."

"मग कॅल्शियमच का न्हाय बघत?"

"बाई, गोठ्यात काय प्रयोगशाळा आहे का?"

"बरं. म्हणजे कान." आणि त्या लिहायच्या. असा रोजचा तासभर. मी वैतागायचो, पण खरं सांगायचं तर कॉलेज सोडल्यापासून मला इतक्या वेळा 'का' कुणी विचारलं नव्हतं, आणि मला ते आवडत होतं.

लिहायच्या त्या लिस्प नावाच्या भाषेत. ही कॉम्प्युटरची फार जुनी भाषा. एकदा मी त्यांच्या खांद्यावरून पडद्यावर डोकावलो, तर सगळीकडं कंसच कंस. "हे काय, विळ्यांचं दुकान मांडलंय का?" असं मी म्हणालो. पुढं वर्षभर त्या लिस्पला विळेच म्हणत होत्या.

अडचण अशी निघाली, की या भाषेत लिहिलेला प्रोग्राम तयार करून दुसऱ्या मशीनवर पाठवायचा, तर त्याच्याबरोबर सगळी लिस्प पाठवावी लागायची. "पाव्हणा एकटा येत न्हाय, बिऱ्हाड घेऊन येतो," बाई म्हणाल्या. प्रोग्राम एका मशीनवरून दुसऱ्यावर तेव्हा फ्लॉपीतून न्यायचा, आणि त्या बिऱ्हाडाला आठ फ्लॉप्या लागत होत्या. केंद्रांना मिळणारी मशीनं आमच्या अकौंट्स खात्यानं टाकून दिलेली. त्यांच्या पोटात ना जागा, ना जोर.

डेअरीच्या चेअरमनना सगळे आबा म्हणत. त्यांनी फार विचार न करता निकाल दिला. "एका फ्लॉपीत बसवा. बसलं तर बसलं, न्हायतर पुढच्या मीटिंगला इषय बंद करू. कॉम्प्युटरच्या पेट्या साखर कारखान्याला देऊन टाकू."

त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. मी समजूत काढायला म्हणालो, "जाऊ द्या, पुण्यात तुम्हाला छप्पन नोकऱ्या मिळतील."

"नोकरीचं न्हाय, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "आमच्या दोन म्हशी होत्या. त्यांच्या दुधावर मी शिकले. त्यातली एक व्याल्यावर बसली. बारामतीवरनं डॉक्टर येईस्तोवर जो आला त्यानं तिला आडवी पाडून तोंडानं तेल पाजलं. डॉक्टर आलं तवा ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, नुसती टेकू देऊन बसती ठेवली असती आणि काही पाजलं नसतं, तर वाचली असती. एवढंच कुणीतरी तितं सांगायला पायजे होतं. दोन वाक्यं." मग डबा माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "दोन वाक्यांना आठ फ्लॉप्या लागतात व्हय?"

त्यानंतरचे दीड-दोन महिने मी विसरणार नाही. बाईंनी त्या बिऱ्हाडातल्या एकेका वस्तूला बाहेर काढायला सुरुवात केली. मी सकाळी आलो की पेशंटच्या तापाची चौकशी करावी तसं विचारायचो, "आज किती?" "साडेपाच." मग "चार." प्रोग्राम लिहिताना लागणारी अवजारं गेली. चुका शोधणारा भाग गेला. काय चुकलं ते सांगणारे लांबलचक इंग्रजी खुलासे गेले. एक दिवस त्यांनी मला बोलावून गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "डॉक्टर, म्हशीला साइन थीटा लागतो का?"

"माझ्या तरी नोकरीत लागला नाही."

"मग काढते." आणि लिस्पमधलं सगळं त्रिकोणमितीचं खातं गेलं. मराठी अक्षरांना जागा फार लागते म्हणून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिली. ती वाचताना मला घाम फुटायचा, पण जागा वाचली.

तरी गाडी दोन फ्लॉप्यांवर अडली. तेव्हा बाई मला बाहेर बोरीखाली घेऊन गेल्या आणि फांदी धरून गदागदा हलवली. पिकलेली बोरं, वाळकी पानं, एक चिमणीचं जुनं घरटं, सगळं खाली आलं.

"आता हेच करायचंय. एक शेवटचं हत्यार हाय. ते प्रोग्रामच्या बुडापासून बघत जातं. बुडानं कुणाला बोलावलं, त्यानं पुढं कुणाला बोलावलं. ज्याला कुणीतरी बोलावतंय ते फांदीला राहतं. ज्याला कुणीच बोलावत न्हाय ते गळतं."

मी तोवर दोन बोरं उचलून तोंडात टाकली होती. "हत्यार गोड आहे," मी म्हणालो.

हलवणी झाली आणि प्रोग्राम एका फ्लॉपीत बसला. थोडी जागा उरली, तिथं आबांच्या हुकमावरून, मशीन सुरू झालं की दिसेल असा, त्यांचा फेट्यातला फोटो घातला. फोटोनं उरलीसुरली जागा अशी व्यापली, की बाई म्हणाल्या, आबा खरंच वजनदार माणूस आहेत. बाईंनी आठ-दहा आजार विचारून पाहिले, सगळी उत्तरं बरोबर आली. फ्लॉपीवर त्यांनी नावाची चिठ्ठी चिकटवली नाही. "हितं एकच तर हाय, नाव कशाला?" असं त्या म्हणाल्या. नावाच्या बाबतीत त्यांनी केलेली ही पहिली हयगय, आणि मी तेव्हा त्यावर त्यांची थट्टाही केली.

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याच्या केंद्रावर पहिलं प्रात्यक्षिक ठरलं. सकाळची दूध घालायची वेळ. कॅन घेऊन माणसं उभी, आबा खुर्चीवर, केंद्राचे सेक्रेटरी तात्या मशीनसमोर अंग चोरून बसलेले. फोटो आला. टाळ्या पडल्या. आबा मिशीत हसले. तेवढ्यात एक बाई धापा टाकत आल्या. त्यांना सगळे बाळूची आई म्हणत होते.

"तात्या, म्हस काल व्याली, आज बसलीया. उठंना."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. असा योग मागूनही आला नसता. लोंढेबाईंनी तात्यांना खूण केली. तात्यांनी एकेक अक्षर शोधत टाइप केलं. म्हैस बसली. आणि मशीन गप्प झालं. आजार नाही, प्रश्न नाही, चूक झाली असंही नाही. कारण चूक झाली हे सांगणारा भागही बाईंनीच काढून टाकला होता. काळ्या पडद्यावर नुसती रेघ लुकलुकत राहिली.

मी वाट बघत बसलो नाही. पिशवी उचलली आणि बाळूच्या आईबरोबर गोठ्याकडं पळालो. कान गार, मान पोटाकडं वळलेली. कॅल्शियमची बाटली शिरेतून हळूहळू सोडली. थोड्या वेळानं म्हैस थरथरली, ढेकर दिली आणि पुढचे गुडघे टेकत उठून उभी राहिली. मी परत येऊन सांगितलं, की प्रोग्राम पडला पण म्हैस उठली. त्यावर सगळे हसले. लोंढेबाई हसल्या नाहीत.

आबा खुर्चीतून उठत म्हणाले, "डॉक्टर हितं असताना पेटी कशाला पायजे, बाई?"

"डॉक्टर रोज हितं नसतात, आबा."

"मीटिंग सोमवारी हाय. तवर बघा काय व्हतंय ते."

परत येताना जीपमध्ये त्या भिगवणपर्यंत ती फ्लॉपी उलटसुलट करून बघत होत्या. मला वाटलं, आता संपलं. मला वाईट वाटत होतं, आणि ते कसं बोलून दाखवावं हे कळत नव्हतं म्हणून मी ड्रायव्हरला गाडी नीट चालव म्हणून दोनदा झापलं.

दुसऱ्या दिवशी मी हापिसात पोचलो तेव्हा बाईंचे डोळे लाल होते, पण चेहरा उजळलेला होता.

"डॉक्टर, बसा. मी कसली गाढव हाय ते सांगते." आणि त्यांनी सांगितलं. पहिल्या लिखाणात प्रत्येक आजाराला प्रोग्राम सरळ नावानं बोलवायचा. पण पुढं मीच म्हणालो होतो, की प्रत्येक गावचे शब्द वेगळे असतात. म्हणून ज्या आजारांना गावोगाव वेगळे शब्द आहेत, बसलेली म्हैस त्यातलीच, त्यांना त्यांनी मागाहून वेगळी तऱ्हा लावली. शेतकरी जो शब्द बोलेल, त्या शब्दावरून प्रोग्राम ऐनवेळी ओळखणार, की कुणाला बोलवायचं. ऐनवेळचं बोलावणं हलवणीच्या हत्याराला आधी दिसत नाही. त्याला वाटलं, यांना कुणीच बोलावत नाही. ती सगळी गळाली, आणि बाईंनी तपासलेले आठ-दहा आजार नेमके जुन्या तऱ्हेचे होते.

"कालच्या त्या बाईंना सगळे बाळूची आई म्हणतात. घरात हाक मारायची तर 'अगं ए'. समजा एखादा आला नि म्हणाला, ज्याला घरात नावानं हाक पडती तेवढीच माणसं खरी, बाकीची काढा. तर बाळूची आई पयली जाईल. मग चूल कोण पेटवणार? मी, आज्याची नात, नि मीच हे केलं."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आमच्याकडंही तसंच. बायको 'अहो' म्हणते, पोरं पप्पा म्हणतात, भाऊ दादा म्हणतो, उरलेला तालुका डॉक्टर. आई दत्तू म्हणायची, ती गेल्या वर्षी गेली."

बाईंनी डोळे पुसले आणि कालपासून पहिल्यांदाच त्या हसल्या. "म्हणजे तुमीबी गळाला की झाडावरनं."

मग त्यांनी एक छोटं काम लिहिलं आणि त्याला नाव दिलं हजेरी. त्यात दुसरं काही नव्हतं. गळलेल्या प्रत्येक आजाराला एकदा नावानं हाक. हे काम प्रत्यक्षात कधी चालायचं नव्हतं, पण ते तिथं आहे म्हटल्यावर हत्याराला दिसणार, की या सगळ्यांना कुणीतरी बोलावतंय. पुन्हा हलवणी केली. सगळे आजार फांदीला राहिले. फक्त आता फ्लॉपीत मावेनात. थोडक्यात हुकत होतं. बाईंनी पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मला कळलं आता काय जाणार.

"लोंढेबाई, वर्षाची मुदत संपत आलीय. आबांच्या हातात आहे सगळं. दुसरं काहीतरी काढा."

"दुसरं काही उरलं न्हाय, डॉक्टर. आजार न्हायतर फेटा."

फेटा गेला.

मीटिंगच्या आधी आबा पुन्हा वरकुट्याला आले. मशीन सुरू झालं, फोटोबिटो काही न येता सरळ प्रश्न आला. मालकाचं नाव? तात्यांनी सवयीनं बाळूची आई असं टाइप करायला घेतलं. लोंढेबाईंनी त्यांना थांबवलं आणि शेजारी उभ्या असलेल्या त्या बाईंना विचारलं, "ताई, तुमचं नाव काय?"

त्या पदर तोंडाशी नेऊन लाजल्या. "माझं? सरस्वती."

"एवढी वर्सं दूध घेतोय," तात्या म्हणाले, "मला ठावंच न्हवतं की!"

मग त्या दिवसाचीच तक्रार, म्हैस बसली, अशी टाइप झाली. व्याली कधी? कान गार आहेत का? मान वळवते का? आणि शेवटी ती दोन वाक्यं आली. पोत्यांचा टेकू देऊन बसती ठेवा, आडवी होऊ देऊ नका. तोंडानं काही पाजू नका, डॉक्टरला बोलवा. तात्यांनी अडखळत ती मोठ्यानं वाचली. सरस्वतीबाई म्हणाल्या, "व्हय, अगदी आसंच झालं हुतं तिला." लोंढेबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळे मिटून.

आबा मात्र अजून पडद्यावर काहीतरी शोधत होते. "आमचा फोटू कुठं गेला?"

"त्याला कुणी बोलावत न्हवतं, आबा."

सगळं केंद्र आबांकडं बघायला लागलं. आबा एकदम मोठ्यानं हसले, अगदी दिलखुलास. मला वाटलं, जिंकलो. मीटिंगमध्ये पेटीला मंजुरी मिळाली आणि आणखी काही केंद्रांना ती द्यायचं ठरलं. लोंढेबाईंची मुदत वाढवायचा विषय मात्र कुणी काढलाच नाही. काम झालं, आता माणूस कशाला, असा हिशोब. मला त्याचा तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो. मी आबांपुढं जाऊन बोललोही. ते म्हणाले, "डॉक्टर, तुमी गुरांचं बघा."

वरकुट्याचं ते मशीन पुढं काही वर्षं चाललं. तात्यांचा डेअरीत फोन यायचा. "डॉक्टर, पेटी म्हणतीया टेकू द्या. दिलाय. पाजलं काय न्हाय. या तुमी." मी पोचायचो तेव्हा जनावर मान वर करून बसलेलं असायचं. अशा वेळी गोठ्यात हात धुताना मला फार बरं वाटायचं.

लोंढेबाई बंगळुरूला गेल्या. निघायच्या दिवशी मी त्यांना सोडायला बारामतीच्या स्टँडवर गेलो. सामान म्हणजे एक पिशवी. मी आठवण म्हणून पेन घेतलं होतं. त्यांनी पेन खिडकीतून घेतलं आणि त्याची मखमली डबी मला परत दिली. रामचंद्ररावांना नमस्कार सांगा म्हणाल्या. मी काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक पोचल्यावर पत्र पाठवा असं काहीतरी. पुण्याची गाडी मागं सरकून वळली, मीही पाठ फिरवून चालायला लागलो.

"दत्तात्रयराव!"

स्टँडवरच्या गर्दीत मी लगेच वळलो नाही. रामचंद्ररावांसारखंच मला कळलं नाही, की ही हाक कुणाला. पुन्हा आली, "ओ दत्तात्रयराव!" तेव्हा वळलो. गाडी फाटकापाशी पोचली होती. लोंढेबाई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या, हात हलवत हसत होत्या.

"हजेरी घेतली!" त्या ओरडल्या. "आता न्हाय गळायचा तुमी!"

गाडी गेली. मी ती रिकामी डबी हातात धरून बराच वेळ तिथंच उभा होतो.